ट्रायलला ठेवलेला बगळा

माझी ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बगळ्यावर लोकांच्या छत्र्या, एक रेनकोट आणि कुणाचं तरी हेल्मेट टांगलेलं होतं. माणसं रडायला आली होती. बाहेर पाऊस. आता रडायला आलं म्हणून काय झालं, ओली छत्री कुठंतरी ठेवावीच लागते. कोपऱ्यात भिंतीला टेकून काहीतरी लोखंडाचं उभं दिसलं, मान लांब, मागे शेपूट, टांगायला सोयीचं. टांगलं. त्यांची काही चूक नाही. पण ताईने हे बघितलं असतं तर उठून बसली असती, आणि मग सगळ्यांना आपापल्या छत्र्या घेऊन परत जावं लागलं असतं.

हे मुद्दाम आधी सांगतो. कारण ताईबद्दल जो तो एकच सांगतोय, फार गुणी बाई, कपडे फार छान शिवायची. ते खरंच आहे. पण शेवटी तिला ते नको होतं. तिला तो बगळा हवा होता.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, मग हीच माझी आई. तिला पोर झालं नाही. मी होतो, म्हणजे झालंच. मला बारक्या म्हणायची, माझी दाढी पांढरी झाली तरी बारक्याच. शाळेचं आणि माझं जमेना तेव्हा तिने मला कानाला धरून एका गेट-ग्रिलवाल्याकडे नेलं आणि त्याला सांगितलं, "याचं डोकं चालत नाही, पण हात चालतात. ठेवून घ्या." त्याने ठेवून घेतलं. आज माझी स्वतःची शेड आहे. गेट, खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे स्टँड. आमच्या धंद्यात सगळ्याला चार पाय असतात. तीन पायांचं काही आलं तरी आम्ही चौथा लावून टाकतो, नंतर कटकट नको म्हणून.

ताईचं मशीन तिच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली. जमिनीवर कायम कापडाची कातरणं, पाय टाकावा तिथे टाचणी. खिडकीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे नाला, आणि नाल्याकाठी जरा पाणी साचलेलं असतं तिथे एक बगळा. तोच बगळा की त्याचा मुलगा की नातू, कोण जाणे, पण जागा तीच आणि पाय एकच.

ताई म्हणायची, "बारक्या, हा बघ. मी लग्न करून आले तेव्हापासून उभा आहे. कामधंदा काही नाही, आणि लोक म्हणतात काय ध्यान लावलंय! मी दिवसभर बसून असते, मला म्हणतं का कुणी ध्यान लावलंय? मला म्हणतात, आज देणार होतीस ना पँट?"

भावोजी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. नट कुठे, बोल्ट कुठे, कोणता कशाला लागतो, सगळं तोंडपाठ. रिटायर झाले पण स्टोअर काही त्यांच्यातून गेलं नाही. घरात नवीन वस्तू आली की पहिला प्रश्न, याचा उपयोग काय, आणि दुसरा, हे ठेवायचं कुठे. माणूस चांगला, मनाने साफ. पण त्यांना फुलं दिली तर म्हणतील, भाजी कशाची करायची.

मग ताईची नजर गेली. सगळी नाही, सुईपुरती. दोरा ओवायला रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायची. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता बारीक काम बंद. तिने ऐकलं, मशीनवर चादर टाकली, आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या शेडवर आली. हातात पिशवी, पिशवीत फाटलेले हातमोजे. आमचे चामड्याचे मोजे, एप्रन, सगळं तीच शिवून द्यायची, मला वाटलं ते द्यायला आली.

म्हणाली, "मला हे शिकव."

"काय?"

"हेच. जाळ काढून चिकटवता ते."

माझ्याकडे ग्राइंडरवर एक गडी आहे, कटिंग तोच करतो. आयुष्यभर ग्राइंडरच्या आवाजात राहून कान अर्धे गेलेत, त्यामुळे कुजबुजला तरी रस्त्यापर्यंत जातं. आम्ही त्याला भोंगा म्हणतो, त्यालाही आवडतं. तो ओरडला, "ताई! सुईत दोरा जात नाही म्हणून वेल्डिंग?"

ताई म्हणाली, "त्या काळ्या काचेतून तुम्हाला तरी काय दिसतं रे? सगळा अंधारच ना? मग माझं काय बिघडलं. शिवण हाताला कळते, डोळ्याला नाही."

भोंगा तरी ओरडतच राहिला.

म्हणलं, "बनवायचं काय आहे? स्टूल? कुंडीचा स्टँड?"

"बगळा."

"कशाला?"

"तू पण तुझ्या भावोजींसारखं बोलायला लागलास. कशाला म्हणजे? बघायला."

मग ती तिथेच एका उलट्या डब्यावर बसली आणि तिने जे सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. "मी जन्मभर शिवलं. त्यातलं माझं म्हणून काही राहिलं का? कपडा घालणाऱ्याचा. छान दिसला तर म्हणतात, तुला काय शोभतो गं! आणि फिटिंग चुकलं की मग मात्र शिवणारी आठवते. मला एक वस्तू करायची आहे, एका पायावर उभी राहणारी, कुणी घालणार नाही, कुणी वापरणार नाही, आणि बघितल्यावर विचारतील, ही कुणी केली. आणि मी म्हणेन, मी."

शिकवायला घेतलं. तिने मला शेडवर कान धरून सोडलं होतं, आता माझी पाळी. म्हणलं, "ताई, तुझं डोकं चालतं ते माहीत आहे, हात बघू." तिने चापट मारली. मोजा घातलेला होता, लागली जोरात.

पहिले काही दिवस रॉड नुसता चिकटायचा. वेल्डिंगचा रॉड पत्र्याला टेकवून लगेच जरासा उचलायचा असतो, मग जाळ धरतो. उचलला नाही तर रॉड पत्र्याला चिकटून बसतो आणि मशीन घूं करत राहतं. ताई तो रॉड ओढायची, बरोबर पत्रा उचलून यायचा, तो घेऊन ती अख्ख्या शेडभर फिरायची, "बारक्या, सोडव हे!" नंतर चिकटायचं थांबलं तर भोकं पडायला लागली. पातळ पत्रा, जरा रेंगाळलं की आरपार. तिने भोकाला ठिगळ लावलं. ठिगळाला भोक पडलं, त्याला ठिगळ. भोंगा म्हणाला हा बगळा नाही, गोधडी आहे.

आणि एक दिवस काच न घेता जाळाकडे बघितलंच. सगळे बघतात, कितीही सांगा. त्या रात्री डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं. आमच्यात यावर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवतात. सकाळी भावोजींचा फोन. "अरे, तुझी बहीण डोळ्यांवर बटाटे ठेवून झोपली आहे. घरात तेवढेच बटाटे होते."

म्हणलं, "दुसरी भाजी करा भावोजी."

"ते ठीक आहे. पण हे बटाटे नंतर वापरता येतात का?"

मला वाटलं आता येणार नाही. तिसऱ्या दिवशी आली. लाल डोळे, आणि पिशवीत स्वतः शिवलेला जाड कापडाचा गळपट्टा, ठिणग्या मानेवर उडतात म्हणून. माझ्यासाठी एक, भोंग्यासाठी एक. इतकी वर्षं आमच्या माना भाजत होत्या, आम्हाला सुचलं नव्हतं.

तिची खरी अडचण वेगळीच होती. शिवणारी बाई. पत्रा कापताना चारी बाजूंनी बोटभर जास्त कापायची. मी म्हणलं हे काय? म्हणाली, "शिलाईत जाईल ना."

"ताई, लोखंडात शिलाई आत जात नाही. कडेला कड लावायची, संपलं."

"आणि नंतर उसवून मोठं करायचं झालं तर? माणूस वाढतं."

"बगळा वाढत नाही!"

"तापल्यावर लोखंड वाढतं असं तूच म्हणालास."

बोलण्यात तिच्याशी कोण जिंकणार. पण हात ऐकत नव्हता. मी खडूने रेघ मारून द्यायचो, ती रेघेच्या बाहेर बोटभर सोडून कापून आणायची, आणि तिला ते कळायचंही नाही. त्यामुळे पहिला बगळा बदक झाला. दुसरा तर खुडूक बसलेल्या कोंबडीसारखा, अंडी कुठे ते विचारा. ते मोडून तिसरा.

आणि दुसरी सवय म्हणजे धावदोरा. शिंपी लोक आधी कच्चे टाके घालतात, मग घालून बघतात, ट्रायल, आणि मग पक्की शिलाई. आमच्यातही तसंच असतं, आधी ठिकठिकाणी एकेक टाका मारायचा, मग सलग वेल्डिंग ओढायचं. मला वाटलं चला, एवढं तरी हिला शिकवावं लागणार नाही. पण आम्ही टाके मारले की लगेच पुढे जातो. ताई नाही. प्रत्येक तुकड्याला टाके मारले की थांबायची, लांब जाऊन बघायची, मान वाकडी करायची, भोंग्याला म्हणायची जरा उजेड सोड. "ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई नाही. घाईने शिवलेलं उसवताना कापड मरतं."

मान मात्र तिने अशी केली की मी हातातलं काम खाली ठेवलं. पत्र्याला एका बाजूने वेल्डिंग घातलं की गार होताना पत्रा त्या बाजूला ओढतो, वाकतो. आमचा तर शत्रू आहे तो, सरळ केलेलं गेट सकाळी केळं झालेलं असतं. आम्ही दाबून धरतो, ठोकतो, शिव्या देतो. ताईने बघितलं आणि म्हणाली, "हे तर दोरा ताणल्यासारखं आहे. ताणला की चुणी पडते." मग तिने एक पट्टी घेतली आणि एका अंगाने छोटे छोटे टाके घालत गेली. पट्टी आपोआप वळत गेली, इथे कमी, इथे जास्त, आणि नाल्यावरच्या बगळ्याची मान झाली. हातोडीचा एक घाव नाही. भोंग्याने ग्राइंडर बंद केला. हे तो पगाराच्या दिवशीसुद्धा करत नाही.

बगळा झाला. सुंदर झाला, मी माझी बहीण म्हणून सांगत नाही. एक सळईचा पाय, दुसरा पोटाशी घेतलेला, खाली तळहाताएवढी प्लेट.

उभा केला. पडला.

तोंडावर पडला, मान जड म्हणून. परत उभा केला, परत पडला, तो तयार गेटवर, रंग गेला. नंतर भोंग्याच्या पायावर. तो चपला घालून येतो, सांगून थकलो. त्याची ती हाक पार नाल्यापर्यंत गेली असणार, खरा बगळा उडाला असेल.

मी म्हणलं, "खालची प्लेट मोठी करू."

"नाल्यावरचा काय स्टूल घेऊन फिरतो का?"

"मग मागून एक सळई लावतो. बारीक. दिसणार पण नाही. आण इकडे, दोन मिनिटांचं काम आहे."

मी रॉड लावला सुद्धा होता. तिने माझ्या हातातून रॉडचा होल्डर काढून घेतला. चालू मशीनचा. वेल्डरच्या हातातून असं कुणी घेत नाही.

"तू हात लावायचा नाहीस."

"अगं पण..."

"तुझा एक टाका लागला की सगळा बगळा तुझा. कळतंय का?"

तेव्हा मला ते बायकी हट्टासारखं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी गेट बघायला एक बाई आल्या, मोठ्या घरातल्या, गाडी शेडच्या तोंडाशी लावून. त्यांनी गेट बघितलंच नाही. भिंतीला टेकवलेला बगळा बघितला. किती तरी वेळ बघितला, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या हातात कला आहे हो."

मी म्हणलं, "माझं नाही. हिचं. ही माझी बहीण."

बाईंनी ताईकडे बघितलं. साठीची बाई, गळ्यात गळपट्टा, तोंड काळं, हातात झाडू कारण आम्ही ठिणग्यांचा कचरा गोळा करत होतो. त्या हसल्या. छान हसल्या, वाईट मनाने नाही. "तुम्ही पण ना! चेष्टा करता बहिणीची." आणि ताईला म्हणाल्या, "भाऊ फार गुणी आहे हं तुमचा."

ताई म्हणाली, "हो ना. लहानपणापासून."

त्या गेल्यावर ताई झाडू टेकवून मला म्हणाली, "बघितलंस? अजून तू हातही लावला नव्हतास."

त्यानंतर मी खरंच हात लावला नाही. नुसता बघायचो. ती रोज येऊन त्या बगळ्यासमोर बसायची, आणि तो रोज पडायचा. मग एक दिवस तिला पिशवी ठेवायला जागा मिळेना, खाली तेल सांडलेलं. तिने पिशवी बगळ्याच्या शेपटीला अडकवली. पिशवीत तिची शिवणकामाची मोठी कात्री, ती अजूनही घेऊन फिरायची, लोखंडी, जड. आणि बगळा भिंतीपासून सुटून सरळ झाला आणि उभा राहिला. पायावर. एका.

भोंगा ओरडला, "उभा राहिला! ताई, उभा राहिला!"

ताईला आनंद झाला आणि त्याच क्षणी राग आला. पिशवी काढली, पडला. अडकवली, उभा. म्हणजे काय झालं? खुंटी झाली.

झालं, सगळ्यांना बगळा एकदम आवडायला लागला. भोंगा त्यावर डबा टांगायला लागला. माझी बायको आली, म्हणाली, "वन्सं, असाच एक आमच्या दारात करून द्या ना, किल्ल्या अडकवायला." आणि भावोजी आले. ते कधी शेडवर येत नसत. त्यांनी चारी बाजूंनी बघितलं, टोपी काढली, शेपटीला अडकवली, परत घेतली, परत अडकवली, आणि बायकोकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "वा! शेवटी काहीतरी उपयोगाचं केलंस."

मी ताईच्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्यात हिंमत नव्हती.

ती दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती हसत. "बारक्या, पडद्याच्या खालच्या दुमडीत आम्ही काय घालतो, माहीत आहे? वजनं. छोटी छोटी. म्हणजे पडदा वाऱ्याने उडत नाही, सरळ पडतो. बाहेरून कुणाला दिसत नाही."

"मग?"

"मग शेपटीला दुमड घालायची."

"दुमडायला जास्तीचा पत्रा कुठून आणणार? शेपूट छोटी होईल."

तिने शेपटीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला कळलं. चारी बाजूंनी बोटभर जास्त. तिने शेपटीची कड तशीच ठेवली होती, मी ओरडून ओरडून दमलो तरी. मी कडेकडे बघितलं आणि पाणी प्यायला गेलो.

दुपारभर बसून तिने ती कड ठोकून दुमडली. शेडमध्ये संपलेल्या रॉडची थोटकं पडलेली असतात, आम्ही झाडून टाकतो, ती तिने वेचून दुमडीत भरली, एकेक उचलून, हातात तोलून. तिने इतक्या महिन्यांत जाळलेल्या रॉडचीच थोटकं ती. मग दुमड बंद करायला टाके मारले. धावदोरा. लांब लांब टाके, जरा वाकडे. नजर नव्हतीच ना.

टाके झाले आणि लाईट गेली.

म्हणलं, "उभा करून बघू की. उभं राहायला लाईट लागते का?"

"नको. उद्या. ट्रायल उजेडात घ्यायची. अंधारात सगळ्यांनाच सगळं फिट दिसतं." तिने बगळा पोत्यांवर आडवा निजवला, मानेखाली चिंधी ठेवली. "उद्या ट्रायल, आणि मग पक्की शिलाई. आणि तू..."

"हात लावणार नाही, ताई. ऐकलं. शंभर वेळा ऐकलं."

सकाळी ती चहा घेऊन खिडकीशी बसली. भावोजी आतून बघत होते. त्यांना वाटलं बगळा बघते आहे. म्हणून हाक मारली नाही. बराच वेळ मारली नाही.

नंतरचं काही सांगत नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, झोपेसारखं, त्रास झाला नसेल. डॉक्टर असंच म्हणतात, आणि बरं करतात.

दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि भोंगा बगळा घेऊन आला. हातगाडीवर, वर गोणपाट टाकून. मला विचारलं नव्हतं. त्याने तो आणून कोपऱ्यात भिंतीला टेकवला आणि हळू आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाला, "ताईंचा आहे, ताईंच्या घरी असू दे." मग छत्र्या आल्या. ते मी सांगितलंच.

माणसं निघायला लागली तशी एकेक छत्री उतरत गेली. रेनकोट गेला. हेल्मेट गेलं. मी समोर बसून बघत होतो. खोलीत आम्ही घरचेच राहिलो, भावोजी, माझी बायको, मी आणि भोंगा. भावोजी म्हणाले, "हा इथे पडेल कुणाच्या तरी पायावर. शेडवर घेऊन जा."

भोंगा म्हणाला, "ट्रायल झाली नाही अजून."

मग मीच उठलो. हात लावणार नाही म्हणलं होतं, पण उभा करायला धरावं तर लागणारच. त्याला भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला, खिडकीच्या उजेडात. पाऊस थांबला होता. दोन्ही हातांनी धरून ठेवला. बायको म्हणाली, "अहो, सोडा की आता." सोडवत नव्हतं.

"पाय बाजूला घ्या सगळे!" भोंगा ओरडला, आणि स्वतःचाच चपलेतला पाय तेवढा पुढे.

मी हात काढले.

बगळा पुढे झुकला. मला वाटलं गेला. मग तो थांबला, मागे आला, जरा जास्तच मागे, परत पुढे, आणि मग असा थरथरत थरथरत उभा राहिला. मान किंचित वाकडी. काही टांगलेलं नाही, काही टेकलेलं नाही. समोर खिडकी, खिडकीपलीकडे नाला. तिथला बगळा जागेवर नव्हता त्या दिवशी.

भोंग्याने, बघा, आता कुठे पाय मागे घेतला.

भावोजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "आता छत्र्या कुठे ठेवायच्या?" आणि आत गेले, आणि आतून त्यांचा नाक शिंकरण्याचा आवाज किती तरी वेळ येत होता.

आता पुढचा घोळ. शेपटीची ती दुमड नुसत्या टाक्यांवर आहे. आमच्या धंद्यात टाक्यावर माल कुणी सोडत नाही. एखादा टाका सुटला की थोटकं बाहेर, आणि बगळा तोंडावर. भोंगा रोज ओरडतो, "पक्की शिलाई मार, दोन मिनिटांचं काम आहे." एकदा मी छोटं मशीन घेऊन ताईच्या घरी गेलोही. अर्थिंगचा चिमटा लावला, रॉड लावला, तिने शिवलेले मोजे घातले, तिचा गळपट्टा बांधला. काच तोंडावर घेतली. आत अंधार, तिला दिसायचा तसाच. मी रॉड दुमडीजवळ नेला आणि मला तिचंच बोलणं ऐकू आलं, एक टाका लागला की सगळा बगळा तुझा.

काच वर केली. चिमटा काढला. भावोजी दारात उभे होते, म्हणाले, "झालं का?" म्हणलं, "दुसरं काम करतो."

आणि मी त्यांच्यासाठी एक खुंटी केली. भिंतीला लावायची, पक्की, सलग वेल्डिंग, घासून गुळगुळीत, काळा रंग. तिच्यावर भोंगा बसला तरी तुटणार नाही. दाराजवळ लावली. भावोजींनी हलवून बघितली, टोपी टांगली, आणि बगळ्याकडे बघून म्हणाले, "याच्यावर आता कुणी काही टांगायचं नाही." कधी कुणी टांगायला गेलं तर आता तेच ओरडतात. धूळसुद्धा तेच पुसतात, आणि पुसताना विचारत नाहीत, उपयोग काय.

परवा मी ताईच्या घरी होतो तेव्हा त्या गेटवाल्या बाई येऊन गेल्या. ताईचं त्यांना उशिरा कळलं. आत आल्या, छत्री खुंटीला अडकवली, आणि खुंटीवरून हात फिरवून म्हणाल्या, "किती व्यवस्थित आहे! ही तुमच्या बहिणीने केलेली ना? शिकत होत्या म्हणे." मग बगळ्यासमोर उभ्या राहिल्या. "आणि हा तुमचा. आठवतो मला."

म्हणलं, "नाही बाई. खुंटी माझी. बगळा तिचा."

या वेळी त्या हसल्या नाहीत. वाकून बघायला लागल्या. शेपटीपर्यंत आल्या, ते लांब लांब वाकडे टाके बघितले, आणि म्हणाल्या, "इथे जरा अर्धवट राहिलंय का?"

म्हणलं, "अर्धवट नाही. ट्रायलला ठेवलाय."